रेड वाईन घरात ठेवायची कशी आणि बिघडली हे ओळखायचं कसं?

जाईजुई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय. २०१९ च्या डिसेंबरात आम्ही नाशिकला गेलो होतो तेव्हा एका वायनरीतून शिराझच्या (शिराझ द्राक्षाच्या रेड वाईनच्या) दोन बाटल्या आणल्या, दोन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच वर्षाच्या, बुचाच्या. एक आमच्याकडे राहिली ती फ्रीजच्या डोक्यावर जे छोटं कपाट असतं ना त्यात. दुसरी भावाला दिली, तो घेत नाही, त्याने ती जुन्या साडीत गुंडाळून दिवाणाच्या आत पार तळाला आडवी टाकली आणि विसरला. त्याचं घर तळमजल्यावर, आमचं सगळ्यात वरच्या मजल्यावर, पुण्यात एप्रिल-मेमध्ये स्लॅब कसा तापतो ते तुम्हाला माहितीच आहे.

येत्या शनिवारी लग्नाला वीस वर्षं होतायत म्हणून भावाने त्याची बाटली परत आणून दिली. आता दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी आहेत. आमच्या बाटलीच्या गळ्याला फॉइलच्या खाली एक काळपट चिकट ओघळ वाळलाय, भावाच्या बाटलीला काही नाही. माझे प्रश्न: १) न उघडता काही कळतं का? २) उघडल्यावर बिघडली हे नेमकं कशावरून ओळखायचं? ३) आम्ही दोघं मिळून फार तर दोन ग्लास घेतो, उरलेली किती दिवस टिकते? एवढी वर्षं जपून ठेवलीय, वाया गेली असेल तर खरंच वाईट वाटेल हो.

कडकचहा | सोमवार, रात्री ९:५२

वाचतोय. आमच्याकडे पण एक शोकेसमध्ये उभी आहे, आहेरात आलेली.

खोपोलीचा पाऊस | सोमवार, रात्री १०:०५

ताई काळजीच सोडा, वाईन जितकी जुनी तितकी भारी. मस्त मुरली असणार. लोणच्याचं जसं असतं तसंच.

निफाडकर | सोमवार, रात्री ११:१५

पाऊसराव, इथे मी अजिबात सहमत नाही आणि हा गैरसमज मोडायलाच हवा कारण त्यापायी लोकांच्या घरात चांगल्या वाईन मरतात. लोणचं मुरतं कारण त्यात मीठ तेल असतं आणि ते मुरण्यासाठीच घातलेलं असतं. बाजारातल्या बहुतेक रेड वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. ओकच्या पिंपात ठेवलेल्या, टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) आणि आंबटपणा भरपूर असलेल्या थोड्या असतात त्या पुढे जातात, आणि त्यासुद्धा नीट ठेवल्या तरच.

आमच्याकडे खायच्या द्राक्षासोबत दोन एकर वाईनचं द्राक्ष आहे, शिराझच. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठीची गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च खुडा, म्हणजे द्राक्षतोडणी. खुडा पहाटे करतो, निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचताच. द्राक्ष गार असतानाच वायनरीत पोचलं पाहिजे, ट्रॅक्टर उन्हात तासभर उभा राहिला तरी वाईनमेकर लगेच बोलून दाखवतो. इतकं सगळं गारव्यात सांभाळायचं आणि बाटली घरी नेऊन फ्रीजच्या वर ठेवायची? फ्रीज आतली उष्णता मागून बाहेर फेकतो, ती वर चढते, त्यात कंप्रेसरची थरथर. घरातली सगळ्यात वाईट जागा म्हणाल तर तीच, गॅसच्या शेजारची सोडली तर.

ठेवायचं साधं आहे. १२ ते १४ अंश हे उत्तम, पण आपल्याकडे तळघर नाही तर निदान २५ च्या पुढे फार जाऊ द्यायचं नाही आणि रोजचा चढउतार टाळायचा. अंधार हवा. बुचाची बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं, उभी ठेवली की बूच सुकतं, आक्रसतं आणि हवा आत जाते. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. भावाने साडीत गुंडाळून दिवाणात टाकली ते नकळत अगदी बरोबर केलंय बघा.

त्या ओघळाबद्दल: वाईन तापली की फुगते, बुचाला वर रेटते आणि कडेने झिरपते, गार झाली की त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. फॉइल काढून बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलंय का बघा. आणि दोन्ही बाटल्या शेजारी उभ्या करून गळ्यातली पातळी ताडून बघा.

जाईजुई | सोमवार, रात्री ११:३१

आत्ताच बघितलं. आमच्या बाटलीत पातळी बोटभर खाली आहे!! बूच किंचित वर आलंय, नखाला लागतंय.

निफाडकर | सोमवार, रात्री ११:३४

मग तिची फार आशा धरू नका ताई. पण टाकू मात्र नका, दोन्ही एकत्र उघडा. अशी जोडी मुद्दाम ठरवून मिळत नाही.

वऱ्हाडी ठेचा | मंगळवार, सकाळी ८:१०

गळा ओघळला म्हणजे गेलीच समजा. मी हे भोगलो आहे. मे महिन्यात पुण्याहून नागपूरले येताना सहा बाटल्या गाडीच्या डिक्कीत होत्या, वाटेत जेवाले थांबलो दीड तास, बाहेर ४४. घरी येऊन पाहतो तर दोन बाटल्यांचे बूच अर्धा सेंटीमीटर वर अन् खोका खालून ओला. बाकीच्या चार बाहेरून ठीक दिसत होत्या पण चव सगळ्यांचीच उतरली होती, मुरंबा करपल्यासारखी. वर्षानुवर्षांचं सोडा, एक दुपार पुरते. तेव्हापासून उन्हाळ्यात वाईन नेतो तर आइसबॉक्समध्ये, अन् सीटखाली, डिक्कीत नाही.

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ११:२०

बिघडली हे कसं ओळखायचं यावर सविस्तर लिहितो कारण माझं काम प्रयोगशाळेत वास आणि चव तपासण्याचंच आहे (वाईन नाही, मसाले). वाईनच्या पुस्तकांतले शब्द वाचून लोक बिचकतात, पण आपल्या स्वयंपाकघरात बिघडण्याचे शब्द इतके नेमके आहेत की दुसरं काही लागतच नाही.

कुबट: पावसाळ्यात न वाळलेला टॉवेल, ओला पुठ्ठा, माळ्यावरचं भिजलेलं गोणपाट. असा वास आला तर दोष बुचाचा. बुचातल्या बुरशीचा क्लोरीनच्या संयुगांशी संबंध आला की टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं. एका लिटरमध्ये एका ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी नाकाला कळतं. थोडं असेल तेव्हा कुबट वास येतही नाही, नुसता फळाचा वास दबतो, वाईन मुकी वाटते. ही चूक तुमच्या ठेवण्याची नव्हे, बाटली भरली तेव्हाच ती आत गेलेली असते.

आंबूस: शिरक्याचा वास, नाकात टोचणारा, कधी त्याच्या जोडीला नेलपॉलिशसारखा. हे ॲसिटोबॅक्टर नावाच्या जिवाणूंचं काम, ते अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, आणि त्यांना हवा लागते. नेपोलियन तिसऱ्याच्या सांगण्यावरून लुई पाश्चरने १८६० च्या दशकात वाईनचे रोग अभ्यासले ते याच गोष्टींसाठी.

उतरलेली: कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं तसा वास, रंग लालवरून तपकिरी, चव सपाट. ही हवा लागून झालेली.

करपट किंवा पाकात शिजवलेल्या मनुकांसारखी: उन्हाने गेलेली. ठेचाभाऊंनी लिहिलंय तीच.

आणि शांत (एरवी बुडबुडे नसलेल्या) वाईनमध्ये जिभेला चुरचुर लागली, बुडबुडे दिसले, तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू झालंय. ताकाला जादा दिवस झाले की कसं चुरचुरतं, तसंच.

एक वास मात्र फसवा आहे. उघडल्याबरोबर काडेपेटीची काडी ओढल्यासारखा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर लगेच ओतू नका. गंधकाची संयुगं कोंडलेली असतात, वीस-तीस मिनिटं रुंद भांड्यात मोकळी ठेवली की बरेचदा जातात. तरी राहिला तर तांब्याचं स्वच्छ घासलेलं नाणं त्यात मिनिटभर फिरवायचं, तांबं गंधकाला धरून घेतं.

अबोली | मंगळवार, दुपारी १२:०२

प्रयोगवही, तुम्ही नाणं म्हणालात म्हणून वाचलो, आमच्या ह्यांनी वाचता वाचता देवघरातल्या पळीकडे बघितलं होतं! :D

कडकचहा | मंगळवार, दुपारी १२:१५

=)) अबोलीताई

पण मला एक खरंच विचारायचंय. मी आयुष्यात तीनदा रेड वाईन प्यायलो आणि तिन्ही वेळा बिघडलेलीच वाटली. जीभ नुसती आखडते, तोंड कोरडं पडतं.

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी १२:४०

तो तुरटपणा आहे हो, बिघाड नाही. जांभळं जरा जास्त खाल्ली किंवा कच्चं केळं चावलं की होतं तेच. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं वाटतं. आंबट आणि तुरट हे दोन्ही वाईनमध्ये असायचेच. आंबटपणा जिभेच्या कडांना लागून थांबला तर ठीक, घशाला जाऊन खवखवला आणि नाकात चढला तर शिरका.

पणजीवाली | मंगळवार, सायंकाळी ६:३०

आमच्याकडे पोर्ट वाईन नाताळाच्या आधी घरात येते आणि बाटली उघडी असली तरी महिनाभर कुणी चिंता करत नाही. ते पाहून लोकांना वाटतं सगळीच लाल वाईन तशी टिकते. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबणं मधेच थांबवायला द्राक्षाचं स्पिरिट घालतात, अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं आणि साखर उरते, म्हणून ती उघडल्यावरही आठवडेच्या आठवडे चालते. साधी शिराझ किंवा कॅबर्नेट १३-१४ टक्क्यांची, तिला तो आधार नाही.

थोडं अवांतर, पण उन्हाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मदेरा बेटावरची वाईन पिंपांतून जहाजावर चढायची आणि विषुववृत्त ओलांडून इकडे भारताच्या बाजूला यायची. जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने तापायची, हलायची. खपली नाही ती पिंपं परत गेली तेव्हा लोकांना कळलं की ही तर जास्त चांगली लागते. मग ते तिला मुद्दाम तापवायलाच लागले. ती उघडल्यावर सुद्धा कितीतरी महिने टिकते कारण उष्णता आणि हवा या दोन्हींतून ती आधीच गेलेली असते. जाईजुईची शिराझ तशी घडवलेलीच नाही, तिला फ्रीजवर ठेवून मदेरा होणार नाही.

खोपोलीचा पाऊस | मंगळवार, सायंकाळी ७:०५

मदेराचं वाचून मजा आली. बरं मग निफाडकर, मुरायचं माझं म्हणणं मागे घेतो. पण रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवायची नसते हे तरी बरोबर ना? रेड रूम टेंपरेचरलाच पितात.

मेलबर्नची मावशी | मंगळवार, रात्री ८:५०

ते रूम युरोपातलं आहे रे बाळा! जुन्या दगडी घरातलं, १६-१८ अंशांचं. पुण्याची मे महिन्यातली खोली ३४ ची. त्या तापमानाला रेड प्यायली तर नुसता अल्कोहोलचा भपका येतो. मी भारतात आले की पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये घालून मगच ओतते.

आणि उघडलेली बाटली तर फ्रीजमध्येच. गारव्यात बिघडण्याच्या सगळ्याच क्रिया मंदावतात. झाकण घट्ट लावून तीन ते पाच दिवस मिळतात, बाहेर ओट्यावर ठेवली तर दुसऱ्या दिवशीच चेहरा पडलेला असतो. न उघडलेली मात्र वर्षानुवर्षं स्वयंपाकाच्या फ्रीजमध्ये नको, तिथली हवा कोरडी, बूच सुकतं. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने ठेवायला काही हरकत नाही, खरं तर पुण्यात तेच करावं.

आमच्या इकडे बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, साध्याच नाही तर चांगल्या महाग वाईनला पण. कुबट वासाची भानगड जवळजवळ संपली. रोज एकच ग्लास घेणाऱ्यांसाठी खोक्यातली वाईन, १९६५ साली इथल्याच थॉमस अँगोव्ह यांनी काढलेली कल्पना. आत पिशवी असते, वाईन कमी होते तशी पिशवी आकसते, हवा शिरतच नाही, चार-सहा आठवडे आरामात जातात.

लेकुरवाळी | बुधवार, सकाळी १०:१५

आम्ही घेत नाही पण दिरांच्या पार्टीतली उरलेली रेड वाईन मी घेऊन येते. रुंद तोंडाच्या बरणीत ओतायची, थोडं पाणी, त्यात न गाळलेला जिवंत शिरका दोन-तीन डाव, वर मलमलचं फडकं बांधून अंधारात. दोन महिन्यांनी सुंदर लाल शिरका होतो, वर सायीसारखा पापुद्रा धरतो. कांदा-काकडी घालून बघा त्यात. ताईची बिघडली तर मला सांगा.

प्रयोगवही | बुधवार, सकाळी १०:५०

छान कृती आहे. फक्त कुबट वासाची वाईन यात घालू नका, तो वास शिरक्यातही तसाच राहतो. करपलेलीचाही शिरका करपट होईल. उघडून दोन-तीन दिवस जास्त झालेली, नुसती आंबायला लागलेली घ्या.

सातारी कंदी | बुधवार, दुपारी ३:२०

माझ्या बाटलीच्या तळाशी आणि बुचाच्या आतल्या टोकाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे होते, मी घाबरून पूर्ण बाटली बेसिनमध्ये ओतली. काच असेल तर काय घ्या. ती बिघडली होती का?

निफाडकर | बुधवार, दुपारी ३:४५

अरेरे. नाही हो. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, वाईन गार झाली की खड्यांसारखे बसतात. तेच आम्ल चिंचेत असतं, चिंचेचा आंबटपणा तोच. तळाशी काळपट गाळ बसतो तो पण रंगाचा आणि टॅनिनचा, जुन्या रेडमध्ये असतोच. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची आणि हळूच ओतायची, शेवटचा घोट बाटलीतच सोडायचा, कॉफीतला साका सोडतो तसा.

अबोली | बुधवार, दुपारी ४:१०

बिघडलेली चुकून प्यायली तर बाधते का? जेवण उतरलं तर पोट बिघडतं म्हणून विचारते.

प्रयोगवही | बुधवार, दुपारी ४:३०

या दोषांनी बाधत नाही. वाईनमधलं आम्ल आणि अल्कोहोल मिळून पोट बिघडवणाऱ्या जंतूंना टिकू देत नाहीत. एक घोट घेऊन चव बघायला काहीच भीती नाही, थुंकून टाकलं तरी चालतं. नुकसान चवीचं आणि पैशाचं.

वऱ्हाडी ठेचा | बुधवार, रात्री ९:००

हॉटेलमध्ये वेटर ग्लासात घोटभर ओतून थांबतो तो याच्याचसाठी हे मले फार उशिरा कळलं. आपण आवडली का सांगायचं नसतं, कुबट किंवा शिरका तर नाही ना एवढं पाहायचं असतं. मी एकदा परत केली, ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, मॅनेजर म्हणे साहेब रेड वाईन अशीच असते. मी म्हटलं तुम्ही फक्त वास घ्या. त्याने घेतला, काही न बोलता दुसरी आणली. लाजू नका, परत करा.

जाईजुई | रविवार, सकाळी ११:४०

मंडळी, काल दोन्ही उघडल्या. सांगितल्याप्रमाणे शुक्रवारपासून उभ्या ठेवल्या होत्या आणि काल वीस मिनिटं फ्रीजमध्ये.

आधी आमची. बूच ओढताना जोरच लागला नाही, गुळगुळीत सटकून आलं. एका बाजूने वरपासून खालपर्यंत जांभळट रेघ, वाईन झिरपली ती वाट स्पष्ट दिसत होती. पांढऱ्या बशीवर ग्लास तिरका धरला तर रंग चिंचेच्या कोळासारखा. वास अगदी प्रयोगवही म्हणाले तस्साच, पाकात मनुका लागल्यावर येतो तो, मागून आंबूस. घोट घेतला, आधी काहीच चव नाही आणि मग घशाशी खवखव. ह्यांनी न बोलता ग्लास खाली ठेवला. मला खरंच भरून आलं हो, सहा वर्षं येता-जाता त्या कपाटाकडे बघून आपण वाट बघत होतो आणि ती तिथे रोज तापत होती.

मग भावाची. बूच घट्ट, टोकाला फक्त लाल. रंग मधे गडद, कडेला विटकरी. पहिल्यांदा वासच आला नाही, मला वाटलं ही पण मुकी. ह्यांनी स्टीलच्या रुंद पातेल्यात ओतून ठेवली, जेवण वाढेपर्यंत अर्धा तास गेला, आणि मग काय सांगू, वाळलेल्या जांभळाचा आणि खाली काळ्या मिरीचा वास. चव तरुण नव्हती, लवकर संपत होती, पण गोड आठवण राहील अशी होती. मटणासोबत दोन ग्लास झाली.

उरलेली ३७५ मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवलीय, हवा राहू नये म्हणून. किती दिवस जाते ते सांगते.

निफाडकर | रविवार, दुपारी १२:२०

काठोकाठ भरलीत हे झकास केलंत. पंप, गॅसच्या सुया काय काय मिळतं बाजारात, पण छोटी बाटली आणि फ्रीज याच्याइतकं सोपं काही नाही. फक्त एक, जुनी वाईन तरुण वाईनपेक्षा लवकर थकते, त्यामुळे मावशींचे पाच दिवस हिला धरू नका.

लेकुरवाळी | रविवार, दुपारी १:०५

वीस वर्षांच्या शुभेच्छा ताई! पातेल्याची युक्ती फार आवडली.

जाईजुई | बुधवार, रात्री १०:१०

सोमवारी अर्धा ग्लास घेतला, छान होती. काल मिरी गेली होती पण जांभूळ होतं. आज आंबूस वळण लागलंय, आता ती लेकुरवाळीच्या बरणीत.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला दिवाणात जागा आहे, अजून दोन आणून ठेव, साडी पण आहे. निफाडकर, यंदा खुडा कधी आहे? आम्ही चौघं येऊ म्हणतो, आणि यावेळी बाटलीवर उघडायची तारीख लिहूनच ठेवणार आहे, तीन वर्षांच्या आतली.

निफाडकर | बुधवार, रात्री १०:२५

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात या. पहाटे पाचला बागेत यायची तयारी ठेवा, स्वेटर आणा. आणि येताना आइसबॉक्स विसरू नका.